बोअरच्या गाडीवर पोराची बोटं गेली, आता साक्षीदार म्हणून माझी सही मागायलेत

मांजराकाठ · १६ मे २०२४, रात्री १०.४०

राम राम मंडळी. मी केज तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. यंदा पाण्याची काय गत आहे ते इथं कुणाला सांगायची गरज नाही. जुनी बोअर साडेतीनशे फुटाला होती, ती आटली. पानाड्यानं नारळ फिरवून जागा दाखवली, एजंटानं गाडी पाठवली. गाडी तमिळनाडू पासिंग, ऑपरेटर तिकडचाच, रॉडवरची पोरं छत्तीसगढची.

संध्याकाळी काम सुरू झालं. रात्री एकच्या सुमाराला चारशे वीस फुटावर रॉड जोडताना एका पोराच्या उजव्या हाताची तीन बोटं दोन रॉडच्या मधी आली. वय बावीस. करंगळी अन् अंगठा तेवढा राहिला. गमछात हात गुंडाळून अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात नेलं. मी सोबत गेलो होतो.

आज दुपारी एजंट अन् गाडीमालकाचा माणूस घरी आले. शंभराच्या बाँडवर टाइप करून आणलंय: पोरगा दारू प्यायलेला होता, ऑपरेटर नको म्हणत असताना त्यानं हात घातला, चाळीस हजार रुपये राजीखुशीनं मिळाले, पुढं काही तक्रार नाही. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. का, तर जागा माझी अन् मी तिथं हजर होतो.

पोरगा प्यायलेला नव्हता. आमच्याच घरची भाकरी-पिठलं खाऊन कामाला लागला होता. मी म्हणलं उद्या सांगतो. जाता जाता एजंट म्हणला, "काका, तुमच्या रानात झालंय, पोलीस आले तर पयलं नाव तुमचं येईल." तवापासून झोप नाही. सही केली तर काय, नाही केली तर काय? माझ्यावर खरंच येतं का हे? अन् या गाड्यांवर कुणी साहेब आहे का नाही?

काळीमाती · १६ मे, रात्री ११.०५

सही करू नका. बाकी जाणकार सांगतीलच, पण आधी हे वाचा आणि झोपा: सही करू नका.

सरळसाधा · १६ मे, रात्री ११.३०

सगळे खवळतील, तरी सांगतो. ही पोरं पितात हे पण खरंय. आणि कोर्टकचेरीत शेतकऱ्यानं पडू नये. पोरगा महिनाभरानं गावाला जाईल, तारखांना तुम्ही पळणार. पेरणी तोंडावर आलीय. चाळीसचे साठ करा म्हणावं आणि मिटवा.

काळीमाती · १६ मे, रात्री ११.३८

@सरळसाधा, तीन बोटांचे साठ म्हणजे बोटाला वीस. बाजार समितीत तरी सौदा उघड्यावर होतो.

ओपीडीनंतर · १७ मे, सकाळी ७.१५

मी डॉक्टर आहे, अस्थिरोगवाला. कायद्याचं वकील सांगतील, मी कागदाचं सांगतो.

यंत्रावरची इजा म्हणजे एमएलसी, मेडिको-लीगल केस, पोलिसांपर्यंत जाणारी नोंद. सरकारी दवाखान्यात अपघात विभागात आल्या आल्या नोंद होते: कधी आणला, कोणी आणला, इजा कशानं झाली, शुद्धीत होता का, तोंडाला दारूचा वास होता का. हा शेवटचा रकाना तुमच्या कामाचा आहे. त्या रात्रीच्या नोंदीत वास लिहिलेला नसेल, तर दोन दिवसांनी टाइप केलेल्या बाँडला काय किंमत राहते ते तुम्हीच ठरवा. एमएलसी नंबर, केस पेपर, एक्स-रे, ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज कार्ड, सगळ्याच्या झेरॉक्स पोराच्या हातात द्या. मूळ कागद गाडीमालकाच्या माणसाकडे "सांभाळायला" देऊ नका. असे सांभाळलेले कागद मी परत आलेले पाहिलेले नाहीत.

विषय निघालाच आहे तर गाडीवर काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बोट तुटून वेगळं झालं तर ते धुवत, चोळत बसू नका. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फात टाकलं की कामातून जातं. रॉडमध्ये चिरडलेलं बोट बहुतेक वेळा जोडता येत नाही, पण तो निर्णय डॉक्टरला घेऊ द्या, शेतात घेऊ नका.

दुसरी गोष्ट फारच थोड्या लोकांना माहीत असते. हायड्रॉलिकच्या पाइपाला टाचणीएवढं भोक पडतं आणि त्यातून तेलाची चिळकांडी उडते. गळती कुठे आहे ते बघायला माणूस हात फिरवतो. ते तेल इतक्या दाबानं येतं की कातडी भेदून आत जातं. बाहेरून फक्त बारीक टोचल्यासारखं दिसतं, रक्तही येत नाही, पहिले काही तास फारसं दुखत नाही. माणूस हळद लावून झोपतो. सकाळी हात टम्म सुजलेला असतो, आणि तोवर आतलं मांस मेलेलं असतं. याला त्याच दिवशी ऑपरेशन लागतं. गळती शोधायची तर आधी इंजिन बंद करा, आणि हाताऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा.

दावेदार · १७ मे, दुपारी १.५०

कोर्टातून आत्ता मोकळा झालो. मांजराकाठ, सविस्तर लिहितो.

या अपघाताला लागतो तो कायदा १९२३ चा, कर्मचारी नुकसान भरपाई कायदा (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली). त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कोणकोणती कामं धरायची त्याची यादी आहे आणि त्यात ट्यूबवेलचं बांधकाम, चालवणं, दुरुस्ती, देखभाल हे स्पष्ट लिहिलेलं आहे. "रोजंदारीवरचा होता", "हजेरीपटावर नाव नाही" ही कारणं चालत नाहीत. नैमित्तिक, म्हणजे अधूनमधून कामावर येणाऱ्या, कामगाराला वगळायची सोय २००० सालच्या दुरुस्तीनं काढून टाकली.

आता हिशेब. महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात (जानेवारी २०२० पासून, आधी ८,००० होता). त्याचे साठ टक्के ९,०००. वयाप्रमाणे कायद्यात गुणक ठरलेत, बावीस वर्षांच्या माणसाचा २२१.३७. गुणाकार १९,९२,३३०. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. एका हाताची तीन बोटं जाणं याला पहिल्या अनुसूचीत ३० टक्के दिलेत. म्हणजे ५,९७,६९९ रुपये. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. पगार १५,००० पेक्षा कमी निघाला तर आकडा त्या मानानं उतरेल. पण चाळीस हजार कुठे आणि हे कुठे!

तीस टक्के हा तळ समजा. उजव्या हाताच्या माणसाला रॉडचं काम पुन्हा करताच येणार नसेल तर कमाईची हानी त्याहून जास्त आहे असं मांडता येतं. १९७५ साली सुप्रीम कोर्टाने एका सुताराचा डावा हात गेला तेव्हा ती हानी शंभर टक्के धरली होती, कारण एका हाताने सुतारकी होत नाही.

आणि आता बाँडमध्ये दारू कुठून आली ते बघा. कामगाराचा निष्काळजीपणा हा या कायद्यात मालकाचा बचाव नाही. सुटायच्या वाटा मोजक्या: अपघाताच्या वेळी तो दारूच्या किंवा नशेच्या अंमलाखाली होता आणि त्यामुळेच अपघात झाला, किंवा सुरक्षेचा स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेसाठी बसवलेलं साधन मुद्दाम काढलं. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर याही वाटा बंद. पण बोटं जाणं अंशतः अपंगत्वात मोडतं आणि तिथे या वाटा उघड्या आहेत. बाँड लिहिणाऱ्याला हे बरोबर ठाऊक आहे. "प्यायलेला होता" आणि "ऑपरेटर नको म्हणत असताना" ही दोन वाक्यं त्यातली मोक्याची आहेत, चाळीस हजार नाही. आणि त्या दोन वाक्यांना त्रयस्थ साक्षीदार म्हणून तुम्ही हवे आहात.

हक्क सोडून दिल्याचा करार या कायद्यात रद्दबातल आहे. तडजोड करायचीच तर ती आयुक्ताकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात नोंदवावी लागते, आणि रक्कम तुटपुंजी वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकतो. पण खोट्या साक्षीची सही मात्र कागदावर राहते. उद्या उलटतपासणीत उत्तर तुम्हाला द्यायचंय.

मुदत अपघातापासून दोन वर्षं. महिन्याच्या आत रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. दावा तीन महिन्यांत निकाली काढावा असंही लिहिलंय, यावर मी काही बोलत नाही.

मांजराकाठ · १७ मे, दुपारी ३.२०

वकीलसाहेब, लई उपकार. एवढं कुणी फोड करून सांगत नाही. पण माझ्यावर येतं का ते राहिलं.

दावेदार · १७ मे, दुपारी ३.४५

तुमच्यावर नाही. मालक म्हणजे ज्याची गाडी, ज्यानं पोराला कामाला ठेवलं आणि पगार दिला तो. काम गुत्त्यानं दिलं म्हणून मूळ मालकावर जबाबदारी येते असं एक कलम आहे, एजंट त्याचीच भीती घालतोय. पण ते काम त्या मूळ मालकाच्या धंद्याचा नेहमीचा भाग असावं लागतं. बोअर मारणं हा शेतकऱ्याचा धंदा नाही. गुत्तेदारानेच पोटगुत्तेदाराकडे काम दिलं असतं तर गोष्ट वेगळी. पोलीस आले तर जबाब द्या, पाहिलं ते सांगा. निष्काळजीपणे यंत्र चालवल्याचं कलम जून २०२४ पर्यंत भारतीय दंड संहिता (भादंवि) २८७ होतं, नंतर भारतीय न्याय संहिता २८९, ते यंत्र चालवणाऱ्याला लागतं, रानाच्या मालकाला नाही.

मात्र विहिरीचं गणित उलटं. तुम्हीच यारी (विहिरीतून दगड-माती वर ओढायचं यंत्र) भाड्यानं आणली, तुम्हीच रोजानं माणसं उतरवली, तर मालक तुम्ही. इथले निम्मे लोक या उन्हाळ्यात विहीर खोल करायलेत म्हणून सांगून ठेवतो.

रॉडबदली · १७ मे, रात्री ९.१०

मी निलंग्याकडचा. काही वर्षं गाडीवर काढली, आधी रॉडवर, मग लिव्हरवर, म्हणजे ऑपरेटर. आता किराणा दुकान आहे. वाचून राहवलं नाही.

बोटं कशी जातात ते सांगतो. खालचा रॉड भोकात पान्यावर अडकवून ठेवलेला असतो, त्याचं तोंड जमिनीच्या जरा वर. नवा वीस फुटी रॉड वायरनं उचलून मास्टमधी (गाडीच्या उभ्या खांबात) आणायचा, वरचं टोक हेडला (रॉड फिरवणाऱ्या भागाला) लावायचं, खालचं टोक त्या तोंडावर बसवायचं. वरचा रॉड झुलत असतो. तो झुलू नये म्हणून पोरगा दोन्ही हातानं त्याला धरून मधोमध आणतो. एका हातानं आट्याला ग्रीस लावतो. बोटानं. वरून लिव्हरवाला हेड खाली सोडतो. कंप्रेसरच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, धुळीत चेहरा दिसत नाही, एकच हॅलोजन आणि तो पण गाडीच्या एका अंगाला. खूण काय, तर मान हलवायची नाहीतर हात वर करायचा. घाम पुसायला हात वर गेला तरी लिव्हरवाल्याला वाटतं झालं, सोड खाली.

दहा-वीस रुपयाच्या ब्रशनं ग्रीस लागतं. रॉड धरायचा तर जोडापासून हातभर वर धरावा, तोंडाजवळ बोट न्यायचंच नाही. हे सगळ्या ऑपरेटरला माहीत असतं. पण पैसे फुटावर असतात. पोरांना पगारावर फुटामागं भत्ता, ऑपरेटरला त्याहून जास्त, एजंटाला कमिशन. रॉड बदलायला जेवढा वेळ कमी तेवढे रात्रीचे फूट जास्त. उन्हाळ्यात एका रानातून गाडी निघाली की सरळ दुसऱ्या रानात. झोप काय, दोन गावांच्या मधी ट्रकवर लागते तेवढीच.

बाकी धोके: गळ्यात गमछा, फिरत्या रॉडला अडकला की माणूस ओढला जातो. हवेच्या पाइपात दाब तीनशे पीएसआयच्या (दाबाचं माप) वर असतो, जोड निसटला की सापासारखा फटके मारतो, म्हणून जोडाला साखळी लावायची असते, ती किती गाड्यांवर बघितली ते विचारू नका. अन् अडकलेला रॉड सोडवताना पान्याला पाइप घालून जोर लावतात, तो पाना उलटा आला की दात नाहीतर बरगडी.

सरळसाधा · १७ मे, रात्री ९.४०

पावणेसहा लाखांचं वाचून गप्प बसलोय. पण मालक तमिळनाडूत, पोरगा छत्तीसगढात, दावा आपल्याकडं. मिळणार कसे?

दावेदार · १७ मे, रात्री १०.०२

प्रश्न रास्त आहे. (पावणेसहा नाही, जवळपास सहा.) दावा अपघात झाला तिथे लावता येतो, कामगार राहतो तिथेही लावता येतो, आणि मालकाचं नोंदणीकृत कार्यालय असेल तिथेही. पोराला तारखेला केजपर्यंत यायचं कारण नाही. वसुलीसाठी विमा बघा. गाडीच्या पॉलिसीत ड्रायव्हर-क्लीनरच्या पलीकडे मजुरांचा जादा हप्ता भरलाय का हे महत्त्वाचं. म्हणून मांजराकाठ, गाडी अजून गावात असेल तर गाडी आणि तिच्यासोबतचा ट्रक, दोन्हीचे नंबर, आरसी आणि विम्याच्या कागदाचे फोटो आजच काढा. एजंटाच्या पावतीचाही.

खडीवाला · १८ मे, सकाळी ११.२५

"या गाड्यांवर कुणी साहेब आहे का" हा प्रश्न राहूनच गेला. मी खडी केंद्रावर सुपरवायझर होतो, मायनिंग मेटचं, म्हणजे खाणीतल्या मुकादमाचं, सर्टिफिकेट आहे.

दगडाची खाण ही नोव्हेंबर २०२५ पर्यंत खाण कायदा १९५२ खाली यायची. त्यावर धनबादचं खाण सुरक्षा महासंचालनालय आहे. पण मुरूम, बांधकामाचा दगड, खडी यांना सूट आहे: उघडी खाण सहा मीटरपेक्षा खोल नाही, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसं नाहीत, आणि स्फोटकं वापरत नाहीत, तर बहुतेक कलमं लागत नाहीत. तिन्ही अटी एकदम पाळल्या पाहिजेत. आपल्या काळ्या पाषाणात स्फोटकांशिवाय दगड निघतो का? तरी विचारलं की प्रत्येक खाण साडेपाच मीटरच असते, दोन शिड्या लावून उतरावं लागत असली तरी.

खडी फोडायचं यंत्र खाणीच्या हद्दीबाहेर असेल तर कारखाने कायदा १९४८ लागायचा, तोही नोव्हेंबर २०२५ पर्यंत. त्यात फिरत्या भागाला जाळी हवी, आणि चालू यंत्राजवळ फक्त प्रशिक्षित माणूस, तोही घट्ट कपड्यात, आणि ते कपडे मालकानं द्यायचे, असं त्याचं कलम २२ म्हणायचं. आमच्याकडं बेल्टच्या टेल पुलीखाली (शेवटच्या चाकाखाली) सांडलेली खडी चालू बेल्टवरच फावड्यानं ओढायचे. फावडं ओढलं जातं, आणि फावडं सोडायचं माणसाला सुचत नाही. हात खांद्यापर्यंत जातो.

बोअरची गाडी मात्र या दोन्हीत बसत नाही. पाणी हे खनिज धरत नाहीत म्हणून खाण नाही. जागा रोज बदलते म्हणून कारखाना नाही. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात गाडीची नोंदणी सांगितलीय, पण ती पाण्याचा उपसा मोजायला. पोराच्या हाताला जाळी आहे का हे बघायला कुणी येत नाही. म्हणजे अपघात होईपर्यंत या गाडीवरच्या हातांना यातला एकही कायदा नाही, आणि झाल्यावर एकदम १९२३ चा.

ओपीडीनंतर · १८ मे, दुपारी २.१०

खडीवाला, धुळीचं राहिलं. आपल्या बेसाल्टमध्ये मोकळी सिलिका कमी असते, त्यामुळे सिलिकोसिसची (दगडाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची) भीती तुलनेनं कमी, धूळ निर्धोक नाही तरीही. पण देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो. तिथे कोरडं ड्रिलिंग करणाऱ्यांनी पाण्याचा फवारा सोडल्याशिवाय काम करू नये. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही.

यारीवरचा · १९ मे, रात्री ८.३०

विहिरीचं निघालंय म्हणून. आमच्याकडं यारीचा वायर तुटून डबर खाली पडायचे प्रकार जास्त. वायरच्या तारा सुटून काटे आले की वायर बदलायचाच, तेल लावून चालवायचा नाही. दगडाची बकेट वर जाताना खालच्यांनी कपारीला चिकटून उभं राहायचं, खाली बसून बिडी ओढायची नाही. आणि काल न उडालेला बार (भोकात भरलेलं स्फोटक) आज शोधत त्याच भोकात ड्रिल घालणारे आहेत. त्याच भोकात! न उडालेला बार ब्लास्टिंगवाल्यानंच येऊन मोकळा करायचा, तोवर कुणी उतरायचं नाही. आमचा गुत्तेदार म्हणतो दिवस मोडतो.

दावेदार · १९ मे, रात्री ८.५०

बारा फुटांपेक्षा खोल खोदकाम किंवा जिथे स्फोटकं वापरली ते खोदकाम, हेही त्याच दुसऱ्या अनुसूचीत आहे. गुत्तेदाराला हेही सांगा.

मांजराकाठ · ९ जून, रात्री ९.५५

मंडळी, उशीर झाला, पेरणीच्या गडबडीत होतो. सही केली नाही. एजंट दोनदा आला, मग सरपंचाला घेऊन आला. मी म्हणलं, जे बघितलं ते कोर्टात सांगतो, बाँडवर नाही. सरपंच चहा पिऊन गेले.

केस पेपरची झेरॉक्स काढली. दारूच्या वासाचा रकाना "नाही" असा आहे. गाडीचे नंबर अन् विम्याचा फोटो पोराच्या चुलतभावाकडं दिला, तो दुसऱ्या गाडीवर असतो. पोराला टाके काढून बिलासपूरकडं पाठवलं. वकीलसाहेबांनी तिकडच्या एका वकिलाचा नंबर काढून दिला. नोटीस गेलीय. मालकाचा फोन आला होता पोराला, दीड लाख म्हणतोय.

बोअर चारशे वीसलाच राहिली. तोंडाला केसिंगची टोपी वेल्डिंग करून घेतली, लेकरं खेळतात तिकडं.

सरळसाधा · ९ जून, रात्री १०.२०

दीड लाखाला नाही म्हणायला सांगा त्याला.

रॉडबदली · ९ जून, रात्री १०.४५

पुन्हा गाडी आणली तर आधी वर बघा, मास्ट उभा करायच्या जागेवरून लाईन जाते का. जात असेल तर १९१२ ला, म्हणजे विजेच्या तक्रारीच्या नंबरला, फोन करून सप्लाय बंद करून घ्या, नाहीतर पानाड्याला म्हणा जागा सरकव. मास्ट लाईनला लागलाच तर गाडीला कुणी शिवायचं नाही. वरच्यानं लाईन बंद होईपर्यंत वरच थांबायचं, आग लागली तरच दोन्ही पाय जोडून लांब उडी मारायची, उतरताना एक पाय जमिनीवर अन् एक हात गाडीला असं करायचं नाही. अन् रात्री दहानंतर काम चालू ठेवायचं का नाही, ते पैसे देणारा म्हणून तुम्ही ठरवू शकता. एजंट म्हणंल गाडी निघून जाईल. जाऊ द्या, दुसरी येते.